पंपाशिवाय उडणारं कारंजं

१८४४ साली रशियाचा झार पहिला निकोलस इंग्लंडला येणार अशी वार्ता आली आणि डर्बीशायरमधल्या चॅट्सवर्थ वाड्याचे धनी, डेव्हनशायरचे सहावे ड्यूक, कामाला लागले. अठरा वर्षांपूर्वी याच झारच्या राज्याभिषेकाला ते इंग्लंडचे वकील म्हणून गेले होते. आता पाहुणा दारी येणार, तर आपलं कारंजं त्याच्या कारंज्यांहून उंच हवं! वाड्यामागच्या टेकडीवर, सुमारे साडेतीनशे फूट उंचीवर, आठ एकरांचा तलाव खणायला घेतला. रात्रीसुद्धा मशालींच्या उजेडात खोदाई चालू राहिली. सहा महिन्यांत काम उरकलं, आणि पाण्याचा झोत २९६ फुटांपर्यंत चढल्याची नोंद झाली. झार काही चॅट्सवर्थला फिरकला नाही. ‘एम्परर फाउंटन’ हे नाव मात्र कारंज्याला चिकटलं ते कायमचं.

या कारंज्याला पंप नाही. उंचावरचं पाणी नळातून उतरतं आणि त्याच दाबाने वर उसळतं. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की पाहिलेल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. वरच्या माळरानावर पडलेला पाऊस चरांनी तलावांत आणायचा आणि उतारावर सोडायचा, एवढ्यावर या १०५ एकरांच्या बागेचा सगळा डौल उभा आहे. १८९३ पासून बरीच वर्षं वाड्याची वीजही याच पाण्यावर होत असे. पर्यटक खिडक्यांच्या सोनेरी चौकटींचे फोटो काढतात. मला विचाराल तर आधी टेकडी चढून तलाव पाहावेत.

पाण्याची ही हौस सहाव्या ड्यूकची नव्हे, घराण्याची. पहिल्या ड्यूकने १६९६ साली ग्रिये नावाच्या फ्रेंच जलतज्ज्ञाकडून उतारावर दगडी पायऱ्यांचा धबधबा बांधून घेतला, आणि थोड्याच वर्षांत तो आणखी मोठा करवला. त्याचे २४ टप्पे आहेत. कुठे पायऱ्या जास्त, कुठे कमी, कुठे रुंद, कुठे अरुंद. त्यामुळे पाणी सोडलेलं असलं की कडेने चालताना दर टप्प्याला आवाज बदलत जातो. ज्याने हे योजलं त्याचा कान तयार असणार. त्याच काळातलं तांब्याचं विलोचं झाड म्हणजे निव्वळ थट्टा: बेसावध पाहुणा जवळ गेला की फांद्याफांद्यांतून फवारे सुटायचे. १८३२ साली तेरा वर्षांची राजकन्या व्हिक्टोरिया पाहुणी आली, तेव्हा तिला ते भारी आवडलं होतं.

मग आला जोसेफ पॅक्स्टन. शेतकऱ्याचा मुलगा, वय २२. सहावे ड्यूक रशियाला निघण्याआधी त्याला मुख्य माळी नेमून गेले. त्याने स्वतःच सांगितलेली हकिगत अशी: १८२६ च्या मे महिन्यात तो पहाटे साडेचारला पोहोचला, फाटक बंद म्हणून कुंपण ओलांडून आत शिरला, सगळी बाग पायाखाली घातली, सहाला माणसं कामाला लावली, पाण्याची कारंजी चालवून घेतली आणि न्याहारीला वाड्याच्या कारभारणीच्या भाचीच्या प्रेमात पडला. हे सगळं नऊच्या आत. पुढच्याच वर्षी त्यांचं लग्न झालं. एम्परर कारंजंही त्याचंच काम.

पॅक्स्टनने १८३६ ते १८४० दरम्यान उष्ण देशांतल्या झाडांसाठी २७७ फूट लांबीचं काचघर उभारलं. खाली आठ बॉयलर आणि कोळसा न्यायला जमिनीखालून रूळ. वर धुराचा मागमूस नको, हा ड्यूकसाहेबांचा नखरा. १८४३ मध्ये राणी झालेली व्हिक्टोरिया त्यातून चक्क बग्गीत बसून फिरली. पाहुण्या झाडांसाठी तर जॉन गिब्सन या माळ्याला थेट कलकत्त्याला धाडलं होतं. त्याने खासी टेकड्यांतून ऑर्किडं गोळा केली आणि जिच्यासाठी एवढा खटाटोप केला ती ॲम्हर्स्टिया नावाची फुलझाडाची जातही १८३७ साली नेली. ती इथे फुललीच नाही. पहिल्यांदा फुलली ती लंडनजवळच्या दुसऱ्याच बागेत. अ‍ॅमेझॉनची राक्षसी कमळण मात्र नोव्हेंबर १८४९ मध्ये इथे फुलली. तिच्या पानावर पॅक्स्टनने आपली लहान लेक उभी केली. पान बुडालं नाही. त्या पानाच्या पाठीवरच्या शिरांची रचना हेरून त्याने कमळणीचं काचघर बांधलं, आणि १८५१ चा लंडनचा क्रिस्टल पॅलेस त्याच विचाराचा मोठा अवतार.

पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना, झाडं थंडीने मेली. १९२० मध्ये मोठं काचघर सुरुंग लावून पाडलं. त्याच्या जागी आता यू झाडांच्या कुंपणांचा भूलभुलैया आहे. सुट्टीच्या दिवशी त्यात हरवलेल्या पोरांचा कल्ला ऐकू येतो.

मराठी वाचकाने विसरू नये अशी एक गोष्ट इथली आहे. मॉरिशसमार्गे इंग्लंडात आलेली एक बुटकी केळ पॅक्स्टनने काचेखाली वाढवली. १८३५ साली ती फुलली. तिला त्याने धन्याच्या आडनावावरून नाव दिलं, कॅव्हेंडिश. काही वर्षांतच एक मिशनरी तिचे मुनवे घेऊन सामोआ बेटांवर गेला. १९५० च्या सुमारास पनामा रोगाने जुन्या निर्यातीच्या केळीचा फडशा पाडल्यावर व्यापाऱ्यांनी कॅव्हेंडिश वाणांचाच आधार घेतला. जळगावची बसराई याच गटातली, आणि आज खानदेशात शेतकरी ज्याची रोपं मागतात ते ‘जी-नाईन’ही. बसराई चॅट्सवर्थहून आली असं कुणी समजू नये. नाव तेवढं ड्यूकच्या घराण्याचं, घड जळगावचा.