एचआयव्ही पेशीत शिरतो कसा?

भोसरी एमआयडीसीतील कारखान्यांच्या शेजारी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, १९९२ मध्ये स्थापन झालेली आणि ‘नारी’ म्हणजे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था या नावाने दीर्घकाळ ओळखली गेलेली संस्था आहे. तिच्या अभ्यासविषयाच्या मुळाशी एक प्रश्न आहे : हा विषाणू ठरावीक पेशींतच कसा शिरतो?

एचआयव्हीच्या बाह्यावरणावर जीपी१२० आणि जीपी४१ या प्रथिनांच्या प्रत्येकी तीन रेणूंनी बनलेले काटे असतात. जीपी१२० प्रथम सीडी४ या ग्राहीला, म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावर संदेश टिपणाऱ्या प्रथिनाला, चिकटते. हा ग्राही मुख्यतः प्रतिकारशक्तीचे नियमन करणाऱ्या टी-पेशींवर असतो आणि रुग्णाच्या अहवालातील ‘सीडी४ काउंट’ म्हणजे याच पेशींची मोजणी. कुलूप-किल्लीची नेहमीची उपमा येथे तोकडी पडते, कारण चिकटताच जीपी१२०चा आकार बदलतो आणि त्याचा तोवर झाकलेला भाग सीसीआर५ किंवा सीएक्ससीआर४ या सहायक ग्राहीला भिडतो. मग जीपी४१चे टोक पेशीपटलात रुतते, ते प्रथिन स्वतःवरच दुमडते आणि विषाणूचे व पेशीचे पटल जवळ ओढले जाऊन एकजीव होते.

सीडी४ची भूमिका १९८४ मध्ये उलगडली, सहायक ग्राहींची १९९६ मध्ये. भारतात प्राबल्य असलेला ‘सी’ उपप्रकार बहुधा सीसीआर५ वापरतो. ज्यांना आई-वडील दोघांकडूनही या ग्राहीचे सदोष जनुक मिळते, त्यांना अशा विषाणूची लागण सहसा होत नाही. मात्र हा दोष भारतीयांत अत्यंत विरळ आहे. मॅराव्हिरॉक हे औषध सीसीआर५ अडवते, पण ते देण्यापूर्वी रुग्णातील विषाणू सीएक्ससीआर४ वापरत नाही ना, हे तपासावे लागते.