दहा हजारांचा फोन सायखेड्यात कसा चालतो?

सायखेड्याच्या उपबाजार आवारात एप्रिलच्या दुपारी फोनचा स्क्रीन वाचता येतो की नाही, हे खोक्यावर कुठेच छापलेलं नसतं. तिथे ५० मेगापिक्सेल, ५००० एमएएच, ८ जीबी रॅम, १२० हर्ट्झ असे ठळक आकडे असतात. उन्हाळ कांद्याचा ट्रॅक्टर रांगेत लावून उभ्या असलेल्या माणसाच्या अपेक्षा याहून वेगळ्या. बाकीच्या बाजारांतला भाव उन्हात दिसावा, लिलावाच्या गलक्यात समोरच्याचं बोलणं ऐकू यावं, पैसे खात्यात पडल्याचा मेसेज वेळेवर यावा आणि घरी पोहोचेपर्यंत चार्जिंग टिकावं.

सायखेडा हे निफाड तालुक्यातलं गोदाकाठचं गाव. पिंपळगाव बसवंत बाजार समितीचा उपबाजार इथे भरतो, आजूबाजूला कांदा, ऊस आणि द्राक्षबागा. अशा गावात फोन हे आता शेतीचंच अवजार झालं आहे. १५ ऑगस्ट २०२१पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. आपल्या पिकाची नोंद सातबाऱ्यावर आणण्यासाठी शेतकऱ्याने स्वतः शेतात उभं राहून ॲपमधून फोटो काढायचा असतो. २०२३मध्ये पीएम किसानची ई-केवायसी चेहरा दाखवून करण्याची सोय आली. सरकारी कामासाठीच फोन लागू लागला, म्हणून ज्याचं बजेट आठ-दहा हजार आहे त्याला चुकीचा फोन परवडत नाही. मोबाईलवर १८ टक्के जीएसटी एप्रिल २०२०पासून आहे, आणि तो महागड्या फोनला जितका, तितकाच स्वस्त फोनलाही.

उदाहरणासाठी एक फोन घेऊ. नोव्हेंबर २०२४मध्ये शाओमीने रेडमी ए४ ५जी बाजारात आणला. ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी स्टोरेजची किंमत तेव्हा ८,४९९ रुपये होती. एवढ्या पैशांत ५जी मिळणं ही बातमीच होती. पावणेसात इंचांहून मोठा स्क्रीन, ५,१६० एमएएचची बॅटरी आणि नावाजलेल्या कंपनीची चिप. कागदावर तक्रारीला जागा नाही. तरीही हा फोन घेऊन आलेल्या एखाद्याच्या स्क्रीनवर ५जीची खूण उमटलीच नसेल, तर त्यात त्याचा दोष नाही आणि फोन बिघडलेलाही नाही.

भारतात ५जी दोन पद्धतींनी आलं. जिओने ऑक्टोबर २०२२मध्ये सुरुवातीपासूनच ४जीचा आधार न घेणारी स्वतंत्र यंत्रणा उभी केली, तिला एसए म्हणतात. एअरटेलने त्याच महिन्यात सुरुवात केली, पण आधीच्या ४जी यंत्रणेवर ५जी बसवून, म्हणजे एनएसए पद्धतीने. रेडमी ए४ फक्त एसए जाणतो. त्यामुळे तो बाजारात आला तेव्हा जिओच्या सिमवर ५जी चालायचं, आणि एअरटेलच्या एनएसए जाळ्यावर तोच फोन ४जीवर राहायचा. कंपनीने ही मर्यादा नाकारलेली नव्हती, पण काउंटरवर ‘५जी आहे’ एवढंच सांगितलं जातं आणि गिऱ्हाईक तेवढ्यावर पैसे मोजतं. माझ्या मते स्वस्त ५जी फोन घेताना हा पहिला प्रश्न असावा: माझं सिम कुठल्या कंपनीचं आहे आणि हा फोन त्या कंपनीचं ५जी पकडतो का?

दुसरा प्रश्न बँडचा, म्हणजे लहरींच्या पट्ट्याचा. ५जीच्या ३३०० मेगाहर्ट्झच्या लहरी भरपूर डेटा वाहून नेतात, पण दूर जात नाहीत आणि भिंतीत अडखळतात. ७०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांबवर आणि घराच्या आतपर्यंत पोहोचतात. हा पट्टा जिओने २०२२च्या लिलावात घेतला. मळ्यात, टॉवरपासून लांबच्या वस्तीवर राहणाऱ्याच्या फोनला हा बँड, म्हणजे एन २८, असलेला बरा. आणि खरं सांगायचं तर शिवारात बहुतेक कामं ४जीवरच होतात. भाव पाहायला, पैसे पाठवायला, फोटो अपलोड करायला चांगलं ४जी पुरतं. तेव्हा ५जीच्या नावाखाली हजार-दीड हजार जास्त मागत असतील, तर तेच पैसे मेमरीवर घाला.

मेमरीची बाब मी सगळ्यांत महत्त्वाची धरतो, कारण स्वस्त फोन म्हातारा होतो तो इथेच. ‘मोबाईल हँग होतो’ ही तक्रार बहुधा सव्वा-दीड वर्षाने सुरू होते. खोक्यावर ८ जीबी लिहिलेलं असतं आणि खाली बारीक अक्षरांत ४ अधिक ४. त्यातली खरी रॅम चारच. उरलेली चार स्टोरेजमधून उसनी घेतलेली असते, आणि स्टोरेजचा वेग रॅमच्या जवळपासही नसतो. त्या उसन्या चारासाठी एक रुपयाही जास्त देऊ नये.

स्टोरेजमध्येही जाती आहेत. जुनी ईएमएमसी आणि नवी यूएफएस. ईएमएमसी म्हणजे एकेरी पूल: एका वेळी वाचणं किंवा लिहिणं, दोन्ही एकदम नाही. यूएफएसवर दोन्ही बाजूंची वाहतूक एकाच वेळी चालते. एकीकडे व्हॉट्सॲपचे व्हिडिओ उतरत असताना दुसरीकडे ई-पीक पाहणीचं ॲप उघडायचं असेल, तर हा फरक हाताला जाणवतो. रेडमी ए४मध्ये यूएफएस आहे आणि या किमतीत ती त्याची मोठी जमेची बाजू. मात्र ६४ जीबीमधला मोठा वाटा अँड्रॉइड आणि आधीच भरून दिलेली ॲप व्यापतात. उरलेली जागा सकाळच्या शुभेच्छा आणि लग्नाचे व्हिडिओ वर्षभरात खातात. स्टोरेज काठोकाठ भरलं की लिहायला मोकळी जागा शोधताना फोनची दमछाक होते. त्यामुळे १२८ जीबी घ्यावी, हजार रुपये जास्त गेले तरी चालतील. व्हॉट्सॲपमधलं व्हिडिओ आपोआप उतरणं पहिल्याच दिवशी बंद करावं.

कॅमेऱ्याचं बोलायचं तर एक प्रयोग करून पाहा. द्राक्षाच्या पानावर डावणी आली की पानाच्या मागच्या बाजूला पांढुरकी बुरशी दिसते. तिचा फोटो कृषी सल्लागाराला पाठवायचा म्हणून अनेक जण ‘मॅक्रो’ नावाचा दुसरा कॅमेरा उघडतात. स्वस्त फोनमध्ये तो बहुधा २ मेगापिक्सेलचा आणि स्थिर फोकसचा असतो. फोटो येतो तो धूसर, त्यात डावणी की भुरी हे ओळखू येत नाही. त्यापेक्षा मुख्य कॅमेरा घ्या, पान उलटं करा, वीतभर अंतरावर धरा, स्क्रीनवर डागाच्या जागी बोट टेकवून फोकस होऊ द्या आणि मग दुप्पट झूम करा. पान स्वतःच्या सावलीत घेतलं तर रंगही खरा येतो. बुरशीची लव आणि डागाची कड दोन्ही स्पष्ट दिसतात. मागे तीन-तीन भिंगं दिसली म्हणून भुलू नये. एक चांगलं आणि फोकस करणारं भिंग असलं की काम झालं. रात्री मात्र अशा फोनकडून फारशी आशा धरू नका, हलता माणूस पुसटच येणार.

स्क्रीनचा मुद्दा सोपा आहे. स्वस्त एलसीडी स्क्रीनचा उजेड भर उन्हात कमी पडतो. त्यात फोन तापला की तो स्वतःला वाचवण्यासाठी उजेड आणखी कमी करतो. म्हणून दुकानातल्या ट्यूबलाइटखाली पाहून फोन निवडू नका. डेमो फोन दारात आणा, उजेड पूर्ण वाढवा आणि साधा मेसेज वाचून पाहा. आणि ट्रॅक्टरच्या तापलेल्या बोनेटवर फोन ठेवू नका. लिथियम बॅटरीचं आयुष्य उष्णतेने झपाट्याने घटतं.

पाण्याची गोष्ट इथे वेगळी सांगावी लागते. ऑगस्ट २०१९मध्ये गोदावरीच्या पुराने सायखेडा आणि चांदोरी ही गावं पाण्याखाली गेली होती. पूर येतो तेव्हा वीज जाते, टॉवर बंद पडू शकतात, रेंज जाते. त्या वेळी मोठी बॅटरी खरोखर कामाला येते. दुसरी उपयोगी गोष्ट म्हणजे एफएम रेडिओ, कारण त्याला इंटरनेट लागत नाही. हेडफोनची वायर लावली की तीच अँटेना होते. केंद्र सरकारने २०२३मध्ये मोबाईल कंपन्यांना रेडिओची सोय सुरू ठेवण्याचा सल्ला दिला होता, तो आपत्तीच्या वेळी उपयोग व्हावा म्हणूनच. नदीकाठच्या घरात निदान एका फोनला हेडफोनचं भोक आणि एफएम असावं, असं मला मनापासून वाटतं. महागड्या फोनमधून ही सोय गेली, स्वस्त फोनने ती जपली. आयपी ५२सारखं मानांकन मात्र थेंब झेलण्यापुरतंच. पावसात भिजलेला फोन बहुधा वॉरंटीत बसत नाही, ते दुकानातच विचारून घ्या.

माझा निकाल असा. दहा हजारांच्या आत खरी ४ जीबी रॅम, १२८ जीबी यूएफएस स्टोरेज, पाच हजार एमएएचची बॅटरी, हेडफोनचं भोक आणि निदान तीन-चार वर्षांचे सुरक्षा अपडेट मिळत असतील, तर फोन घ्यावा. ५जी आपल्या सिमवर चालणार असेल तरच त्याला किंमत द्यावी. स्क्रीनचे १२० हर्ट्झ आणि मागची जादा भिंगं यांच्यासाठी देऊ नये. जुना फोन घेणार असाल, तर आधी *#०६# दाबून फोनचा आयएमईआय नंबर काढा आणि संचार साथी या सरकारी पोर्टलवर तपासा, चोरीचा निघाला तर तो बंद होतो. हप्त्यावर घेणार असाल, तर फाइल चार्ज धरून एकूण रक्कम किती होते ते कागदावर लिहून मागा. आणि रोखीने घ्या की हप्त्याने, पक्कं बिल घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. त्या बिलावर आयएमईआय नंबर असलाच पाहिजे.