गळ्यातला क्रूस आणि कंपनीचा गणवेश

नोकरीच्या जागी धर्माची खूण घालावी का, यावर गप्पा खूप रंगतात, पण खटला नेमका काय होता ते कुणी सांगत नाही. नादिया इवेदा यांचंच बघा ना. या ख्रिस्ती बाई लंडनच्या हीथ्रो विमानतळावर ब्रिटिश एअरवेजच्या चेक-इन काउंटरवर काम करायच्या. २००६ मध्ये त्या छोटा क्रूस गणवेशावर दिसेल असा घालू लागल्या. कंपनी म्हणाली, झाका. त्यांनी ऐकलं नाही. मग सप्टेंबरपासून बिनपगारी घरी!

त्यांना कामावरून काढलं असं कुणी म्हणालं तर ते खरं नाही. गणवेश न लागणारं ऑफिसातलं काम त्यांना देऊ केलं होतं, ते त्यांनी नाकारलं. पण त्याच कंपनीत शीख कर्मचाऱ्यांची पगडी आणि मुस्लिम महिलांचा हिजाब चालत होता. मला तरी इथेच कंपनीची बाजू लंगडी वाटते.

पेपरांत गाजावाजा झाला. फेब्रुवारी २००७ मध्ये नियम बदलला, बाई कामावर परतल्या. बुडालेल्या पगारासाठी मात्र त्या ब्रिटनच्या न्यायालयांत हरल्या. शेवटी १५ जानेवारी २०१३ रोजी स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. भरपाई किती? २,००० युरो.

त्याच निकालात शर्ली चॅप्लिन या नर्स हरल्या. खूण तीच, क्रूसाची. पण वॉर्डात रुग्ण साखळी ओढू शकतो, उघड्या जखमेला क्रूस लागू शकतो, हे रुग्णालयाचं कारण न्यायालयाला पटलं.