मंगळाचे आकाश : निळे की गुलाबी?

काविळीसाठी निळ्या दिव्याखाली ठेवलेल्या नवजात बाळाच्या त्वचेचा पिवळेपणा त्या दिव्यात जोखू नये, दिवा मालवून दिवसाच्या उजेडात बाळ पाहावे, हे आपण विद्यार्थिदशेतच शिकलो. रंग वस्तूचा असतो, तितकाच तो प्रकाशाचा आणि पाहणाऱ्याचाही असतो. हाच नियम परग्रहावरच्या आकाशाला लावताना केवढे वाद माजले, त्याची हकीकत मोठी उद्बोधक आहे.

२० जुलै १९७६ रोजी ‘व्हायकिंग १’ हे अमेरिकन यान मंगळाच्या क्रायसी मैदानावर उतरले. दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या रंगीत छायाचित्रात आकाश निळसर दिसले. लवकरच शास्त्रज्ञांनी चित्र दुरुस्त केले आणि आकाश गुलाबीसर असल्याचे जाहीर केले. तेव्हा जमलेल्या वार्ताहरांनी चक्क हुर्यो उडवली! मंगळ निदान या बाबतीत तरी पृथ्वीसारखा असावा अशी त्यांची इच्छा होती, असे कार्ल सेगन यांनी पुढे लिहिले आहे.

घोटाळ्याचे मूळ कॅमेऱ्याच्या रचनेत होते. त्यात फिल्म नव्हती. निळ्या, हिरव्या व तांबड्या गाळण्यांमागील प्रकाशसंवेदक केवळ तेजाची मोजमापे पाठवीत आणि त्यांतून रंग पृथ्वीवर जुळवला जाई. या गाळण्यांतून थोडे अवरक्त किरणही झिरपत. ती वजावट करण्यासाठी यानावर ज्ञात रंगांचे तक्ते बसवले होते. पहिले चित्र घाईने जुळवताना हे गणित पुरते झाले नव्हते. वास्तविक मंगळाची हवा इतकी विरळ आहे (दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी), की ती स्वच्छ असती तर आकाश गडद निळे दिसले असते. परंतु तीत सदैव तरंगणारी लोहयुक्त सूक्ष्म धूळ निळा प्रकाश शोषून घेते.

२००४ मध्ये ‘स्पिरिट’ यानाच्या चित्रांवरून वाद पुन्हा पेटला. यानावरील सूर्यघड्याळाच्या कोपऱ्यातील निळा तुकडा काही चित्रांत गुलाबी दिसत होता. संस्थेने रंग मुद्दाम बदलले, असा आरोप झाला. खरे कारण असे, की खडकांच्या अभ्यासासाठी तांबड्याऐवजी अवरक्तानजीकची गाळणी वापरली होती, आणि तुकड्यातील निळे रंगद्रव्य ते किरण भरपूर परावर्तित करते. शंकेखोरांचा निष्कर्ष चुकला, पण प्रश्न रास्त होता. क्ष-किरण चित्रावर आपण डावी-उजवी बाजू नोंदतो, तशी गाळणीची नोंद प्रत्येक चित्राखाली ठळकपणे असती, तर निम्मा वाद उद्भवलाच नसता, असे मला वाटते.

२०१२ मध्ये उतरलेल्या ‘क्युरिऑसिटी’ची चित्रे म्हणूनच अनेकदा दोन प्रकारे प्रसिद्ध होतात : एक कॅमेऱ्याने टिपले तसे, दुसरे पृथ्वीवरच्या उजेडात तेच दृश्य कसे दिसेल तसे. दुसरा प्रकार भूवैज्ञानिकांना खडक ओळखण्यास सोयीचा असतो. त्यात आकाशही निळसर होते, म्हणून आकाशाच्या रंगाचा पुरावा म्हणून तो चालत नाही.

तिथे प्रत्यक्ष उभ्या राहिलेल्या माणसाला काय दिसेल? पिवळ्या बल्बखाली कागद आपल्याला पांढराच वाटतो. तसा डोळा त्या तपकिरी उजेडालाही काही अंशी सरावेल. मात्र सायंकाळी त्याला नवल वाटेल. एप्रिल २०१५ मध्ये ‘क्युरिऑसिटी’ने गेल विवरातून टिपलेल्या सूर्यास्तात मावळत्या बिंबाभोवतीचे आकाश निळे आहे, कारण तीच धूळ निळा प्रकाश सूर्याच्या दिशेच्या आसपास अधिक एकवटून पुढे फेकते.