जहाज निघून गेल्यावर

धर्मकार्यासाठी परदेशी जायचे म्हणजे एके काळी सारे आयुष्यच द्यावे लागे. बोटीवर चढलेला मिशनरी पुन्हा घरच्यांच्या दृष्टीस पडेल याची खात्री नसे. पहिली काही वर्षे भाषा शिकण्यात जात आणि पुष्कळांचा देह परमुलखाच्या मातीतच पडे. दुसऱ्या महायुद्धानंतर विमानप्रवास आवाक्यात आला आणि एक नवी रीत पडली. कॉलेजच्या सुटीत किंवा नोकरीतून दोन आठवड्यांची रजा काढून, पदरचे पैसे घालून परदेशी जायचे, सेवा करायची आणि परत यायचे. लॉरेन कनिंगहॅम यांनी १९६० मध्ये ‘यूथ विथ अ मिशन’ ही संघटना काढली, ती याच कल्पनेवर. पुढे अमेरिकेतल्या चर्चमध्ये ही रीत इतकी रुळली की, समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाऊ यांच्या २००५ च्या पाहणीनुसार वर्षाला सुमारे सोळा लाख अमेरिकन अशा मोहिमांवर जात होते.

इतक्या माणसांच्या इतक्या धडपडीतून काय उभे राहिले, हा प्रश्न गंभीरपणे विचारायला हवा. त्याचे उत्तर शोधताना मला ‘मर्सी शिप्स’ या संस्थेची वाटचाल फार मोलाची वाटते. या संस्थेचे मूळ अशाच एका सुटीतल्या मोहिमेत आहे. या रीतीचे गुण तिच्यात आहेत, दोषही होते, आणि त्या दोषांवर तिने वर्षानुवर्षे कामही केले आहे.

१९६४ च्या उन्हाळ्यात कनिंगहॅम यांच्याबरोबर तरुणांची एक तुकडी बहामा बेटांवर गेली होती. त्याच मोसमात त्या टापूत क्लिओ चक्रीवादळ आले. वाताहत झालेल्या बेटांवर औषधपाणी पोहोचवायचे तर जहाजासारखे साधन नाही, अशी चर्चा त्या तरुणांत झाली. ‘होप’ नावाचे अमेरिकन इस्पितळी जहाज तेव्हा देशोदेशी फिरत होते आणि त्याची कीर्ती सर्वत्र होती. तुकडीतल्या डॉन स्टीफन्स या एकोणीस वर्षांच्या मुलाच्या मनात ती गोष्ट घर करून राहिली. पुढे त्यांना मुलगा झाला, तो गंभीर अपंगत्व घेऊन. कोलकात्यात मदर तेरेसांची भेट झाली. या दोन गोष्टींनी मनातली कल्पना पक्की केली, असे स्टीफन्स सांगत आले आहेत. १९७८ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या पत्नी डेयॉन यांनी स्वित्झर्लंडमधल्या लोझान येथे संस्थेचा पाया घातला आणि एक जुने इटालियन प्रवासी जहाज विकत घेतले.

त्या जहाजाचे नाव ‘व्हिक्टोरिया’. लॉइड ट्रिएस्टिनो कंपनीने १९५३ मध्ये ते अतिपूर्वेच्या मार्गावर आणले होते आणि त्या मार्गावर मुंबई हे नेहमीचे बंदर होते. विमानाने परदेशी जाणे चैनीचे होते त्या काळात मुंबईहून युरोपला निघालेल्या प्रवाशांच्या ओळखीचे हे जहाज. नव्या मालकांनी त्याचे नाव ‘अनास्तासिस’ ठेवले. खरेदी झाली, पण दुरुस्तीला पैसे नव्हते. ग्रीसमधल्या एलेफ्सिना बंदराजवळ जहाज वर्षानुवर्षे पडून राहिले आणि स्वयंसेवक कुटुंबे गंज खरवडत, रंग देत, पाइप बदलत राहिली. १९८२ मध्ये ते निघाले. आधी पॅसिफिक आणि मध्य अमेरिकेकडे मदतसामग्री नेण्याचे काम झाले. खरे इस्पितळ म्हणून त्याची ओळख ठसली ती १९९० च्या दशकात, पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर. तीन ऑपरेशन थिएटर, चाळीस खाटा, क्ष-किरण यंत्र, प्रयोगशाळा आणि दातांचा दवाखाना, एवढा संसार त्या जुन्या जहाजात मांडला गेला.

जहाजच का, हा प्रश्न साहजिक आहे. ऑपरेशनला अखंड वीज लागते, स्वच्छ पाणी लागते, ऑक्सिजन, रक्त, निर्जंतुक हत्यारे आणि भूल देणारा माणूस लागतो. यातले एक जरी नसले तरी सर्जनचा हात थांबतो. जहाज हे सारे पोटात घेऊन येते आणि धक्क्याला लागल्यावर काही दिवसांत काम सुरू होते.

काम कसले, हे एका उदाहरणाने सांगतो. जबड्यात दाताच्या मुळाशी ‘ॲमेलोब्लास्टोमा’ नावाची गाठ होते. बहुधा ती कर्करोगाची नसते. पण वाढायची थांबत नाही. जिथे दंतवैद्य हाकेच्या अंतरावर आहे तिथे ती बोराएवढी असतानाच सापडते आणि काढली जाते. जिथे नाही तिथे ती वाढत वाढत चेहरा व्यापते, दात बाहेर ढकलते, जीभ मागे रेटते आणि माणूस उपासमारीने किंवा श्वास कोंडून मरतो. तोवर गावाने त्याला शापित ठरवून दूर बसवलेले असते. अशा रुग्णाला टेबलावर घेतले की पहिली कसोटी भूलतज्ज्ञाची. तोंडातून नळी घालायला वाट नसते, म्हणून बारीक दुर्बीण नाकातून सरकवत श्वासनलिका शोधावी लागते. मग गाठीसकट जबड्याचे हाड काढायचे आणि त्या जागी टायटॅनियमची पट्टी बसवायची. काही महिन्यांनी कमरेच्या हाडाचा तुकडा तिथे रोवायचा, म्हणजे नवा जबडा धरतो.

गॅरी पार्कर या अमेरिकन सर्जनचे सारे आयुष्य अशा ऑपरेशनांत गेले. १९८० च्या दशकात ते ‘अनास्तासिस’वर काही महिन्यांसाठी आले आणि दशकानुदशके राहिले. लग्न जहाजावरच्याच सहकारी स्त्रीशी झाले, मुले जहाजावरच्या शाळेत शिकली. थोड्या मुदतीसाठी येणाऱ्या शेकडो सर्जन-नर्सना कामाला लावणारा एक कायमचा माणूस तिथे होता, हे या कामाचे बळ आहे. तीन आठवड्यांसाठी आलेली नर्स पहिल्या दिवसापासून उपयोगी पडते, कारण तिला काय करायचे हे सांगणारी दुसरी नर्स तिथे तीन वर्षे असते.

या स्वयंसेवकांना पगार नाही. विमानाचे भाडे स्वतःचे, आणि दीर्घकाळ तर राहण्या-जेवण्याचा खर्चही जहाजाला दरमहा स्वतःच भरायचा, अशी प्रथा होती. सर्जनपासून स्वयंपाक्यापर्यंत आणि कप्तानापासून इंजिनखोलीतल्या मेकॅनिकपर्यंत हाच नियम. त्यासाठी माणसे आपापल्या चर्चमध्ये आणि मित्रमंडळींत वर्गणी गोळा करीत. पैसे भरून राबायचे, ही गोष्ट आपल्या वारीत पदरमोड करून सेवा देणाऱ्यांना वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

जहाजावरचा वॉर्ड दाटीवाटीचा. खाटेला खाट लागलेली, आणि प्रत्येक खाटेखाली एक गादी. त्या गादीवर रुग्णाची आई, भाऊ किंवा मावशी झोपते. नर्स इंग्रजीत बोलते, स्थानिक दुभाषी ते फ्रेंचमध्ये किंवा तिथल्या भाषेत सांगतो आणि कधी शेजारच्या खाटेवरचा रुग्ण ते तिसऱ्या बोलीत पोहोचवतो. दुपारी सगळ्यांना वरच्या डेकवर उघड्या हवेत नेतात. चेहऱ्यावर पट्ट्या बांधलेली माणसे तिथे पहिल्यांदा एकमेकांकडे न लाजता बघतात.

याच वॉर्डात एक समारंभ होतो. बाळंतपण अडले आणि वेळेवर सिझेरियन झाले नाही, तर मूत्राशयाला भोक (‘फिस्टुला’) पडून लघवी अखंड झिरपत राहते. मूल बहुतेक वेळा दगावलेले असते, नवरा सोडून जातो, वासामुळे शेजारीपाजारी टाळतात. अशा स्त्रीचे ऑपरेशन होते, मग कित्येक दिवस नळी लावून पडून राहायचे. नळी काढल्यावर अंथरूण कोरडे राहिले की तिला नवाकोरा पोशाख नेसवतात, डोक्याला रंगीत कापड बांधतात आणि ढोलाच्या तालावर नाचत-गात सगळा वॉर्ड तिला मिरवतो. तिच्या रोगाचे निदान अगदी साधे आहे: गरज होती त्या रात्री तिच्याजवळ डॉक्टर नव्हता. उपचार करताना कोणाला धर्म विचारला जात नाही. सेनेगल आणि गिनी या मुस्लिमबहुल देशांच्या सरकारांनी या ख्रिस्ती जहाजाला बोलावले, ते याच भरवशावर. प्रार्थना जहाजावर रोज होते, पण ऑपरेशनची यादी रोग पाहून ठरते. सेवा आणि धर्मप्रसार यांच्यातली ही रेघ पाळली गेली नाही तर आजारी माणसाच्या अगतिकतेचा फायदा घेतल्यासारखे होते, आणि ते ख्रिस्ताच्या शिकवणीलाही धरून नाही, असे मी मानतो.

२००७ मध्ये ‘अनास्तासिस’चे आयुष्य संपले आणि ते मोडीसाठी गुजरातमधल्या अलंगला आले. त्याच वर्षी ‘आफ्रिका मर्सी’ लायबेरियात पोहोचले. हे मुळातले डेन्मार्कचे रेल्वेवाहू जहाज. जिथे आगगाडीचे डबे उभे राहत तिथे पाच ऑपरेशन थिएटर आणि वॉर्ड बांधले गेले.

मात्र काम वाढले तसे प्रश्नही वाढले. अमेरिकेत चर्चच्याच माणसांनी या मोहिमांची झडती घ्यायला सुरुवात केली होती. १९९८ मध्ये मिच चक्रीवादळाने होंडुरासला झोडपले, तेव्हा उत्तर अमेरिकेतून तरुणांचे जथे घरे बांधायला गेले. कर्ट व्हर बीक या ख्रिस्ती समाजशास्त्रज्ञाने नंतर हिशेब मांडला. प्रवासखर्च धरून त्यांनी बांधलेल्या एका घराला सुमारे तीस हजार डॉलर पडले होते. तसेच घर स्थानिक संस्था सुमारे दोन हजारांत उभे करीत होती. आणि ज्यांना घरे मिळाली त्यांच्या आयुष्यात, बांधणारे परके होते की गाववाले, याने फरक पडला नव्हता. २००९ मध्ये स्टीव्ह कॉर्बेट आणि ब्रायन फिकर्ट यांच्या ‘व्हेन हेल्पिंग हर्ट्स’ या पुस्तकाने हेच दुखणे चर्चसमोर मांडले: देणाऱ्याला देण्याचे समाधान मिळते आणि घेणारा स्वतःच्याच नजरेत आणखी लहान होतो.

इस्पितळी जहाजाला ही टीका पूर्ण लागू पडत नाही. भिंत गावचा गवंडी बांधू शकतो, पण त्या जबड्याचे ऑपरेशन करणारा त्या देशात अनेकदा कोणी नसतो. तरी टीकेतला अर्धा भाग लागू होताच. जहाज साधारण दहा महिने थांबते आणि जाते. नंतर टाका उसवला, गाठ परत आली, तर रुग्णाने कुठे जायचे? जितक्यांवर ऑपरेशन झाले त्याच्या कितीतरी पट माणसे पहिल्याच दिवशी रांगेतून परत पाठवलेली असतात, त्यांचे काय? मार्च २०११ मध्ये सिएरा लिओनची राजधानी फ्रीटाउन येथे रुग्णनिवडीच्या दिवशी हजारोंची गर्दी दारावर कोसळली, चेंगराचेंगरीत एकाचा जीव गेला. बरे व्हायला आलेला माणूस रांगेत मेला. याहून कठोर शब्दांत गरज आणि पुरवठा यांच्यातली दरी कोणी सांगू शकले नसते. पुढे निवड एका ठिकाणी न ठेवता देशाच्या आतल्या गावांत जाऊन होऊ लागली.

२०१५ मध्ये ‘लॅन्सेट’च्या आयोगाने सांगितले की, जगातल्या सुमारे पाचशे कोटी माणसांना सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया उपलब्ध नाही. पाचशे कोटींपुढे एक जहाज काय पुरणार? या काळात संस्थेने आपला भर हळूहळू हलवला. मादागास्करमध्ये आणि मग बेनिनमध्ये प्रशिक्षक जहाज सोडून जिल्ह्याजिल्ह्याच्या इस्पितळांत गेले आणि जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रिया-सुरक्षा यादी तिथल्या डॉक्टर-नर्सच्या अंगवळणी पाडली. रुग्ण बरोबर, बाजू बरोबर, कापसाचे बोळे मोजले, एवढ्या साध्या तपासण्यांनी जीव वाचतात आणि त्यांना वीजही लागत नाही. गिनीत कोनाक्रीच्या विद्यापीठाबरोबर दंतवैद्यकाच्या शिक्षणाचे काम झाले.

मार्च २०२० मध्ये कोविडमुळे ‘आफ्रिका मर्सी’ला डकारहून मुदतीआधी निघावे लागले, तेव्हा या बदलाची निकड सगळ्यांना पटली. परदेशी हात एका आठवड्यात नाहीसे होऊ शकतात. राहतात ते तिथलेच हात. चीनमध्ये बांधलेले ‘ग्लोबल मर्सी’ हे नवे जहाज २०२१ मध्ये मिळाले. सहा ऑपरेशन थिएटर आणि सुमारे दोनशे रुग्णांची सोय असलेले हे जहाज पहिल्यापासून इस्पितळ म्हणूनच घडवले गेले आणि शिकवण्यासाठी त्यात वेगळी जागा राखली. २०२२ मध्ये डकार येथे आफ्रिकी नेत्यांनी २०३० पर्यंत शस्त्रक्रियेची सोय वाढवण्याचा जाहीरनामा स्वीकारला. आता बोलणारे यजमान होते, पाहुणे नव्हते.

आपल्या मुलखाला ही गोष्ट परकी नाही. कॅनडात जन्मलेले विल्यम वॉनलेस १८८९ मध्ये भारतात आले आणि १८९४ मध्ये मिरजेला इस्पितळ उभे राहिले. ते जवळपास चार दशके इथे राहिले आणि इथल्या मुलांना वैद्यक शिकवत राहिले. मिरज आजही वैद्यकीय गाव म्हणून ओळखले जाते, त्याचे मोठे कारण हे शिकवणे आहे. त्याही पुढचे पाऊल जामखेडचे. रजनीकांत आणि मेबल आरोळे या ख्रिस्ती डॉक्टर दांपत्याने १९७० पासून तिथे अल्पशिक्षित खेडुत बायकांना गावाच्या आरोग्यसेविका केले. त्यासाठी १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अडलेली बाळंतीण वेळीच ओळखणारी बाई गावातच असली तर त्या फिस्टुलाच्या वॉर्डाची गरजच कमी होते.

म्हणून माझे मत असे: थोड्या मुदतीची परदेशसेवा वाया जात नाही, पण ती कोणाच्या तरी दीर्घ मुक्कामावर उभी असली तरच फळते. आज मराठी मंडळींतले डॉक्टर, नर्स, तरुण-तरुणीही अशा मोहिमांवर जाण्याचा विचार करतात. त्यांनी जरूर जावे. निघण्याआधी मात्र तीन गोष्टी विचाराव्यात. आपल्याला तिथल्या लोकांनी बोलावले आहे का? जे काम आपण करणार ते तिथलाच माणूस करू शकत असेल, तर तिकिटाचे पैसे त्यालाच का देऊ नयेत? आणि आपण परतल्यावर ते काम पुढे नेणारा कोण, त्याला आपण काय शिकवणार? तिन्हींची उत्तरे नीट मिळाली तर खुशाल बॅग भरा. मिळाली नाहीत, तर ते पैसे तिथे कायम राबणाऱ्याकडे पाठवा; तीही सेवाच आहे.