दुधाची गाठ की आणखी काही?

गर्भ राहिल्यावर काही आठवड्यांतच स्तन जड आणि हुळहुळे होतात. इस्ट्रोजेनमुळे दुधाच्या नलिकांना नवे फाटे फुटतात, प्रोजेस्टेरॉनमुळे त्यांच्या टोकांशी दूध बनवणाऱ्या पेशींचे झुबके वाढतात, तर प्रोलॅक्टिन त्या पेशींना दूध बनवण्यासाठी तयार करते. नऊ महिन्यांत स्तनाचे वजन साधारण दुप्पट होते. अशा भरलेल्या स्तनात बोटांना सगळीकडेच कणीदार लागते आणि त्यात एखादी वेगळी गाठ सहज लपून जाते. ‘दुधाची गाठ आहे, बाळंतपणानंतर विरघळेल’ हे घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचे म्हणणे बहुतेक वेळा खरे ठरते. म्हणूनच ते जरा धोक्याचे आहे.

या काळात आढळणाऱ्या बहुतांश गाठी निरुपद्रवी असतात. तरुण वयात नेहमी दिसणारी गाठ म्हणजे फायब्रोअॅडिनोमा. ती रबरासारखी घट्ट, गोलसर असते आणि दाबली की बोटाखालून सुळकन सरकते. अनेकींना ती आधीपासूनच असते. गरोदरपणातल्या संप्रेरकांनी वाढते तेव्हा लक्षात येते. वाढीच्या वेगाला रक्तपुरवठा पुरला नाही तर तिचा काही भाग मृत होतो आणि एरवी न दुखणारी गाठ अचानक ठणकू लागते. काखेतला फुगवटा बऱ्याचदा स्तनाचाच चुकार तुकडा असतो. आपण आईच्या पोटात असताना काखेपासून जांघेपर्यंत स्तनऊतकाची एक रेघ तयार होते आणि पुढे विरून जाते. तिचा काही भाग काखेत शिल्लक राहिला तर बाळंतपणानंतर पान्हा फुटताना तोही सुजतो. त्यातून दूध बाहेर काढले नाही तर सूज आपोआप ओसरते.

कर्करोग क्वचित आढळतो, साधारण 3,000 गरोदरपणांत एक. पण त्याचे निदान उशिरा होते, कारण गाठीचे खापर दुधावर फुटते. म्हणून दोन आठवड्यांत न गेलेली गाठ, दुखत नसली तरीही, तपासून घ्यावी. पहिली तपासणी सोनोग्राफी. तिच्यात किरणोत्सर्ग नसतो. गरज पडल्यास मॅमोग्राफीही करता येते, गर्भापर्यंत पोचणारी मात्रा अगदी नगण्य असते. संशय उरला तर जागा बधिर करून जाड सुईने तुकडा काढतात. नमुन्यासोबतच्या कागदावर ‘सातवा महिना’ एवढे दोन शब्द हवेतच, कारण गरोदरपणात पेशी मुळातच इतक्या झपाट्याने वाढत असतात की माहिती नसलेल्या तज्ज्ञाला त्या संशयास्पद वाटू शकतात.

अंगावर पाजण्याची काळजी बहुधा गाठीपेक्षा मोठी होऊन बसते. फायब्रोअॅडिनोमा असताना दूध पाजायला काहीच आडकाठी नाही. गॅलॅक्टोसीलचेही तसेच. ते म्हणजे नलिका अडल्याने साचलेले दूध. सुई घातली की दूधच येते, जुने असेल तर लोण्यासारखे घट्ट. स्तनाला सूज येऊन ताप भरला तरी पाजणे थांबवायचे नसते, ते दूध बाळाला बाधत नाही. गरम शेक देऊन गाठ जोराने चोळण्याचा घरोघरचा उपाय मात्र आता मागे पडला आहे. चोळल्याने सूज वाढते. थंड शेक आणि बाळाच्या भुकेप्रमाणे पाजणे अधिक बरे. पू झालाच तर सोनोग्राफीत पाहत सुईने काढता येतो. पाजत्या स्तनातून तुकडा काढल्यावर जखमेतून काही दिवस दूध झिरपू शकते. असे फारसे होत नाही आणि झाले तरी सहसा आपोआप भरून येते.

कर्करोग दुधातून बाळाला होत नाही. उपचारांचे गणित वेगळे आहे. शस्त्रक्रिया गरोदरपणातही करता येते, केमोथेरपी पहिले तीन महिने उलटल्यावर देतात, तर किरणोपचार बाळंतपणानंतर. केमोथेरपी किंवा टॅमॉक्सिफेन हे औषध चालू असताना अंगावर पाजता येत नाही. किरणोपचार झालेल्या स्तनात पुढच्या बाळंतपणात दूध कमी येते किंवा येतच नाही. दुसऱ्या स्तनात मात्र दूध मागणीप्रमाणे तयार होते. बाळ जितके ओढेल तितके ते वाढत जाते आणि एका स्तनावरही बाळाचे पोट भरू शकते.