बारा तासांची परीक्षा

डोंगरातील शंभर मैलांच्या शर्यतीसाठी हौशी सायकलपटू कसा तयार होतो? नोकरी आणि संसार सांभाळून दमसास कमावण्याच्या या शास्त्रात जोरापेक्षा संयमाला अधिक मोल आहे.

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात, रॉकी पर्वतराजीच्या कुशीत, लेडव्हिल नावाचे एक जुने खाणगाव आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ३,१०० मीटर उंचीवरील या गावात दरवर्षी ऑगस्ट महिन्यातील एका शनिवारी सकाळी शेकडो सायकलपटू मुख्य रस्त्यावर दाटीवाटीने उभे राहतात. ऑगस्ट असूनही हवेत बोचरा गारठा असतो. साडेसहा वाजता बंदुकीचा बार होतो आणि 'लेडव्हिल ट्रेल १००' ही शंभर मैलांची माउंटन बायकिंग शर्यत सुरू होते.

या गर्दीत व्यावसायिक स्पर्धक मोजकेच असतात. बाकीचे सारे सोमवारी सकाळी पुन्हा आपापल्या कामावर हजर होणारे हौशी लोक. विजेता सहा तासांच्या आसपास परत येतो. तो कोण असणार याच्याशी या हौशी मंडळींना फारसे कर्तव्य नसते. त्यांचे लक्ष असते ते बारा तासांच्या मुदतीकडे. या मुदतीत शर्यत पूर्ण करणाऱ्याला पट्ट्याचे चांदीच्या रंगाचे बक्कल मिळते. नऊ तासांच्या आत येणाऱ्याचे बक्कल आकाराने मोठे असते. या एका बक्कलासाठी माणसे वर्षभर पहाटेचा गजर लावून उठतात.

खाण बंद पडली, शर्यत उभी राहिली

लेडव्हिलची ओळख एके काळी चांदीच्या आणि पुढे मॉलिब्डेनमच्या खाणींमुळे होती. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी जवळची क्लायमॅक्स खाण बंद पडली आणि गावातील हजारो कामगार बेकार झाले. त्या खाणीत काम केलेल्या केन क्लाउबर यांनी, बाहेरची माणसे गावात येऊन मुक्काम करतील अशा हेतूने, शंभर मैलांच्या धावण्याच्या शर्यतीची कल्पना मांडली. १९८३ मध्ये ती शर्यत पहिल्यांदा झाली. १९९४ मध्ये तिला सायकल शर्यतीची जोड मिळाली. गाव तगवण्यासाठी केलेला हा खटाटोप पुढे जगभरातील हौशी सायकलपटूंचे स्वप्न होऊन बसला.

माउंटन बायकिंग हा खेळही तसा तरुणच. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात काही तरुण जाड टायरच्या जुन्या सायकली टॅमलपाइस पर्वताच्या उतारावरून पिटाळू लागले. त्यातूनच खास डोंगरासाठीची सायकल घडली. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये या खेळाला मान्यता मिळाली. मात्र ऑलिम्पिकमधील आजची शर्यत दीड तासाच्या आसपास आटोपते. दमसासाच्या शर्यतींचे जग निराळे आहे. लेडव्हिलला दिवसभर सायकल चालवावी लागते, तर दक्षिण आफ्रिकेत २००४ पासून भरणाऱ्या 'केप एपिक'मध्ये जोडीदारासह सलग आठ दिवस. अशा शर्यतींची तयारी करण्याची पद्धतही अर्थातच वेगळी असते.

साधे गणित, अवघड उत्तर

लेडव्हिलचा मार्ग प्रत्यक्षात सुमारे १६७ किलोमीटर भरतो. बारा तासांनी भागल्यास ताशी वेग येतो जेमतेम चौदा किलोमीटर. शहरातील सपाट रस्त्यावर शाळकरी मुलगाही या वेगाने सायकल हाकू शकेल. नवखा स्पर्धक फसतो तो येथेच. कारण या मार्गावर एकूण साडेतीन हजार मीटरच्या आसपास चढ आहे. सिंहगडाचा पायथ्यापासूनचा चढ सुमारे सहाशे मीटर धरला, तर तो एका दिवसात पाच-सहा वेळा, तोही बव्हंशी कच्च्या रस्त्याने चढण्यासारखे हे आहे. मार्गाच्या मध्यावर कोलंबाइन खाणीपर्यंतची चढण स्पर्धकाला ३,८०० मीटरच्या जवळपास नेते. तेथून आल्या वाटेने परत फिरायचे. परतीच्या प्रवासात, ऐंशी मैल झाल्यानंतर, 'पॉवरलाइन' नावाचा खडा चढ आडवा येतो. तेथे बहुतेक जण खाली उतरून सायकल ढकलतात.

त्यातच वाटेतील तपासणी नाक्यांवरही वेळेची मर्यादा असते. ती चुकली की पाय शाबूत असूनही शर्यत तेथेच संपते. म्हणून एखाद्या चढावर किती जोर लावता येतो यापेक्षा आठव्या, नवव्या, दहाव्या तासाला अंगात किती जोर शिल्लक राहतो, हा येथील खरा प्रश्न. वर्षभराचा सारा सराव याच एका प्रश्नाभोवती फिरतो.

सावकाशीचे शास्त्र

स्नायूंना लागणारे इंधन शरीरात दोन रूपांत साठवलेले असते. पहिले ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूंत व यकृतात साठवलेली पिष्टमय पदार्थांपासूनची साखर. हा साठा साधारण चारशे ते पाचशे ग्रॅमचा, म्हणजे सुमारे दोन हजार किलोकॅलरींचा असतो. दुसरे इंधन म्हणजे चरबी. सडपातळ माणसाच्या अंगातही ती कित्येक किलो असते आणि तिच्यातील ऊर्जा ग्लायकोजेनच्या अनेक पट भरते. ग्लायकोजेन ही खिशातील रोकड म्हटली, तर चरबी ही बँकेतील मुदत ठेव होय. रोकड लगेच हाती येते पण लवकर संपते. ठेव मोठी असते, पण ती मोडायला वेळ लागतो.

सायकल जितकी जोरात मारावी तितकी रोकड अधिक खर्ची पडते. ती संपली की पाय शिशासारखे जड होतात, डोके चालेनासे होते आणि साधा चढही भिंतीसारखा भासतो. दीर्घ पल्ल्याचा सायकलपटू या अवस्थेला सर्वाधिक भितो. सावकाश पण दीर्घकाळ सायकल चालवण्याच्या सरावाने स्नायूंमधील केशवाहिन्यांचे जाळे वाढते, पेशींतील ऊर्जानिर्मिती करणारी मायटोकॉन्ड्रिया संख्येने व आकाराने वाढतात आणि त्याच वेगाला शरीर चरबी अधिक प्रमाणात वापरू लागते. रोकड वाचते, मुदत ठेव मोडण्याची सवय लागते.

नॉर्वेत काम करणारे क्रीडाशास्त्रज्ञ स्टीफन सायलर यांनी अव्वल दर्जाच्या नौकानयनपटू, स्कीपटू व सायकलपटूंच्या सरावाच्या नोंदी तपासल्या. त्यांना असे आढळले, की हे खेळाडू आपल्या सरावाची सुमारे ८० टक्के सत्रे अगदी सौम्य श्रमात पार पाडतात. उरलेल्या २० टक्क्यांत मात्र जीव तोडून मेहनत घेतात. हौशी खेळाडूचे बहुधा याच्या उलट होते. वेळ कमी म्हणून तो प्रत्येक दिवशी मध्यम जोराने, धापा टाकत सायकल चालवतो. ते सौम्य सरावाइतके हलके नसते आणि जोराच्या सरावाइतके परिणामकारकही नसते. थकवा तेवढा साचत जातो.

सौम्य श्रम ओळखण्याची खूण साधी आहे. सायकल चालवताना शेजारच्याशी पूर्ण वाक्यांत बोलता आले पाहिजे. वाक्य तुटू लागले की वेग कमी करावा. आठवड्याला आठ-दहा तास देऊ शकणाऱ्या नोकरदाराचा आराखडा साधारण असा असतो: मधल्या वारी एक-दीड तासाची दोन-तीन सत्रे, त्यांपैकी एका सत्रात आठ-आठ मिनिटांचे तीन-चार जोरदार चढ आणि रविवारी चार ते सहा तासांची दीर्घ, सावकाश रपेट. ज्याला आठवड्याला पाच-सहाच तास मिळतात, त्याने जोराच्या सरावाचा वाटा थोडा वाढवावा असेही काही प्रशिक्षक सांगतात. रविवारच्या रपेटीला मात्र पर्याय नाही, यावर साऱ्यांचे एकमत आहे.

विश्रांती हाही सरावच

सरावाने शरीर सुधारत नाही, तर आधी थकते. सुधारणा घडते ती नंतरच्या झोपेत आणि विश्रांतीत. म्हणूनच तीन आठवडे श्रम वाढवत नेऊन चौथा आठवडा हलका ठेवण्याची प्रथा आहे. सकाळी उठल्यावर नाडीचे ठोके नेहमीपेक्षा अधिक पडणे, झोप नीट न लागणे, चिडचिड होणे, सायकलकडे पाहण्याचीही इच्छा न होणे ही अतिसरावाची लक्षणे होत. अशा वेळी जिद्दीने आणखी जोर लावणारा स्पर्धक महिन्यांची कमाई गमावून बसतो.

शर्यतीपूर्वीचे दोन आठवडे तर मुद्दाम कमी सरावाचे असतात. या विषयावरील अनेक अभ्यास एकत्र करून २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात, सुमारे दोन आठवडे सरावाची मात्रा ४१ ते ६० टक्क्यांनी घटवून जोराची सत्रे तशीच ठेवल्यास कामगिरी सर्वाधिक सुधारते, असे दिसून आले. तयारी अपुरी वाटू लागण्याच्या नेमक्या त्याच दिवसांत हातावर हात ठेवून बसणे ही हौशी माणसाची कठीण कसोटी असते.

पोटाचाही सराव

बारा तासांत शरीर काही हजार किलोकॅलरी खर्च करते. तेवढे खाऊन भरून काढणे अशक्य. आतड्यांतून ग्लुकोज रक्तात उतरण्याचा वेग मर्यादित असतो. एका तासात सुमारे ६० ग्रॅमच्या पुढे ते साठून राहते आणि मळमळ सुरू होते. ग्लुकोजच्या जोडीला फ्रुक्टोज घेतल्यास ते वेगळ्या मार्गाने शोषले जाते आणि ही मर्यादा ९० ग्रॅमपर्यंत नेता येते. पण पोटालाही त्याची सवय करावी लागते. म्हणून शर्यतीत जे खायचे तेच रविवारच्या रपेटीत, त्याच अंतराने खाऊन पाहावे. शर्यतीच्या दिवशी नवे काहीही नको, हा नियम खाण्याला, बुटांना आणि सीटलाही लागू आहे.

पाण्याच्या बाबतीत मात्र अतिरेकही घातक ठरतो. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धावपटूंच्या रक्ताची तपासणी झाली, तेव्हा १३ टक्के जणांच्या रक्तातील सोडियम सामान्य पातळीखाली गेल्याचे आढळले. गरजेपेक्षा जास्त पाणी पिणे हे त्याचे प्रमुख कारण होते. ही अवस्था तीव्र झाल्यास मेंदूला सूज येऊन प्राणावर बेतू शकते. तहान लागेल तसे पिणे आणि घामावाटे जाणारे मीठ भरून काढणे, हा आज सर्वमान्य सल्ला आहे.

डोंगर आणि विरळ हवा

रस्त्यावरील सायकलपटूला पाय सांभाळावे लागतात, डोंगरातील सायकलपटूला सारे अंग. दगडधोंड्यांच्या उतारावर तासन्तास ब्रेक दाबून बोटे बधिर होतात, मान आणि कंबर भरून येते. त्यामुळे आठवड्यातून दोनदा पोट, पाठ व खांद्यांचे व्यायाम आवश्यक ठरतात. टायरमध्ये हवा जास्त भरली तर चाक दगडांवर उसळते, कमी भरली तर रिम आपटतो. आपल्या वजनाला योग्य दाब कोणता, हे सरावातच ठरवावे लागते. गार पडलेल्या बोटांनी पंक्चर काढण्याचा आणि तुटलेली साखळी जोडण्याचा सरावही तितकाच महत्त्वाचा. तपासणी नाक्याची मुदत पाच मिनिटांनी हुकण्याचे कारण अनेकदा पायांत नसते, हत्यारांच्या पिशवीत असते.

लेडव्हिलच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्केच असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायूही तितकाच कमी. शरीराला या हवेची बऱ्यापैकी सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात आणि तेवढी रजा नोकरदाराला क्वचितच मिळते. मग एकच उपाय उरतो, घरच्या मैदानावर जो वेग सोसतो त्यापेक्षा कमी वेग मनाशी धरून निघणे. पहिल्या चढावर शेकडो जण पुढे जात असताना स्वतःला आवरणे ही गोष्ट ऐकायला सोपी आहे. पण ज्याला ती साधली, तोच दुपारी 'पॉवरलाइन'वर अनेकांना मागे टाकतो.

घड्याळ सर्वांचे सारखे

या साऱ्या तयारीची खरी किंमत पैशांत मोजता येत नाही. रविवारचे पाच तास कुटुंबाच्या वाट्याचे असतात, पहाटेचा एक तास झोपेच्या वाट्याचा. घरच्यांना विश्वासात न घेता आखलेला सराव सहसा तडीस जात नाही, असा अनुभवी सायकलपटूंचा दाखला आहे. चाळिशीच्या आसपास या छंदाकडे वळणाऱ्याने आधी हृदयाची तपासणी करून घ्यावी, हेही अगत्याचे. श्रम करताना छातीत दुखणे किंवा भोवळ येणे याला थकवा समजून चालत नाही.

मराठी सायकलपटूंना हे जग आता अपरिचित राहिलेले नाही. नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र व महेंद्र महाजन यांनी २०१५ मध्ये दोघांच्या संघगटात 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये तीच शर्यत एकट्याने मुदतीत पार केली. ती डांबरी रस्त्यावरची शर्यत, पण तयारीचे सूत्र तेच आणि माणसेही पोटापाण्याचा व्यवसाय सांभाळणारी. शहरोशहरी होणाऱ्या ब्रेव्हे या सायकल उपक्रमांत २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तासांची मुदत असते. ताशी वेग पंधरा किलोमीटरच्या आत-बाहेर. पुन्हा तेच साधे गणित आणि तेच अवघड उत्तर.

हौशी माणसाकडे व्यावसायिकाइतका वेळ नसतो, त्याच्या दिमतीला प्रशिक्षकांचा ताफा नसतो आणि शर्यत जिंकण्याची शक्यताही नसते. पण सावकाश चालवणे, वेळेवर खाणे, पुरेसे झोपणे आणि पहिल्या चढावर स्वतःला आवरणे या चार गोष्टी कोणाच्याही आवाक्यातील आहेत. बारा तासांच्या अखेरीस लेडव्हिलच्या मुख्य रस्त्यावर जो धुळीने माखलेला स्पर्धक परततो, त्याने बहुधा या चार गोष्टी वर्षभर निमूटपणे केलेल्या असतात.